अ‍ॅमस्टरडॅमचा गेटपास

मेहुण्याचं बोलणं काशिराम घरतने हसण्यावारी नेलं असतं, तर हॉलंडमधल्या एका विद्यार्थ्याला टॉवेलवर दार उघडावं लागलं नसतं. पण हसण्यावारी नेणं काशिरामला कधी जमलेलंच नाही. तो हसतो तेव्हासुद्धा, हसण्यासारखं खरंच काही आहे का, हे आधी तपासून घेतो.

झालं असं, की दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात काशिराम आणि त्याची बायको किशोरी महिनाभरासाठी मुलीकडे अ‍ॅमस्टरडॅमला निघाले. मुलगी विनिता आणि जावई प्रितेश, दोघंही तिथे कॉम्प्युटरच्या नोकरीत. पनवेलला लाइन आळीतल्या घरी निरोप द्यायला जवळच्या कोन गावाहून किशोरीचं सगळं माहेर आलं. सुकटीच्या पुड्या बॅगेत कोंबता कोंबता तिचा भाऊ कुमार म्हणाला, "दाजी, तिकडं विनिताचा हात सोडू नका. हरवाल." सगळी खोली हसली. किशोरी सगळ्यात जास्त वेळ हसली, आणि तेच काशिरामच्या मनाला लागलं.

कारण काशिराम काही साधासुधा माणूस नव्हता. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात तो गेटवर सुपरवायझर होता. त्याने हात वर केला की चाळीस फुटी ट्रेलर जागच्या जागी थांबायचा. तो नुसतं "पास" म्हणाला की भले भले आडदांड ड्रायव्हर खाली उतरून खिसे चाचपायला लागायचे. पास म्हणजे गेटपास. तो दाखवल्याशिवाय यार्डात मुंगीसुद्धा शिरायची नाही, निदान काशिरामच्या शिफ्टला तरी. (याच माणसाने घरात चहा मागितला तर तो यायला अर्धा तास लागतो. पण घराला गेट नाही, त्याला तो काय करणार.)

अ‍ॅमस्टरडॅमला उतरल्यापासून मात्र कुमारचं बोलणं खरं व्हायला लागलं. रस्ता ओलांडताना विनिता खरोखरच त्याचा हात धरायची. तिथल्या ट्राममध्ये चढताना आणि उतरताना यंत्राला कार्ड लावायचं असतं. काशिरामने ते चढतानाच दोनदा लावलं, त्यामुळे यंत्राच्या मते तो चढला आणि लगेच उतरला, आणि पुढचा सगळा प्रवास त्याने विनातिकीट केला. तेव्हापासून त्याचं कार्ड प्रितेशच्या खिशात गेलं. दुकानात काही विचारायला त्याने तोंड उघडलं की विनिता म्हणायची, "पप्पा, तुम्ही फक्त आमच्या मागे मागे या ना." मग पुढे विनिता, तिच्यामागे प्रितेश, त्याच्यामागे किशोरी आणि सगळ्यात शेवटी पिशव्या घेऊन न्हावा शेव्याचा सुपरवायझर, अशी वरात गावभर फिरायची. काशिरामला वाईट वाटायचं. आपण या घराचे कर्ते होतो, ते कर्तेपण विमानात कुठेतरी राहून गेलं, असं त्याला वाटायला लागलं.

आणि एके दिवशी इमारतीच्या दाराशी त्याला एक पत्रक मिळालं. सहकुटुंब सायकल सफर, गाइडसह. वर फोटो होता: पुढे सायकलवर बाप, मागे रांगेने बायकामुलं, सगळ्यांचे दात दिसताहेत. काशिराम त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. सायकल त्याला येत होती. (तरुणपणी वडाळे तलावाभोवती तो सायकलवरून फेऱ्या मारायचा, एका मुलीसाठी. ती मुलगी किशोरी नव्हे, म्हणून हा विषय घरात निघत नाही.) एक दिवस, फक्त एक दिवस, आपण पुढे आणि सगळं घर आपल्यामागे. एवढंच त्याने मनाशी ठरवलं.

संध्याकाळी त्याने हे जाहीर केलं. प्रितेशने अदबीने सांगून पाहिलं की पुढे गाइड असतो. काशिराम म्हणाला, "गाइड रस्त्यापुरता हो. घर न्यायचं ते मी नेनार." आईचं काय, असं विनिताने विचारलं. "ती बसंल घरी," काशिराम म्हणाला, "सायकल म्हंजे काय भाकरी थापनं नाय." किशोरी मटार सोलत होती, ते जरा जोरात सोलायला लागली.

रविवारी सकाळी सगळे सफरीच्या ऑफिससमोर जमले. किशोरी नुसती निरोप द्यायला आली होती, साडी, वर लेकीचा स्वेटर आणि पायात लेकीचे स्पोर्ट्स शूज अशा थाटात. सोबत ब्राझीलचं एक वयस्कर जोडपं होतं, ते सगळ्याच गोष्टींचे फोटो काढत होतं. गाइड होती मारेके नावाची एक मुलगी. ती इतकी उंच होती, की तिच्याशी बोलताना काशिरामला यार्डातल्या क्रेनशी बोलल्यासारखी मान वर करावी लागली.

मारेकेने प्रत्येकापुढे एकेक सायकल आणून उभी केली. किशोरीच्याही पुढे केली. ही येणार नाही, असं काशिराम इंग्रजीत जुळवत होता, तोवर किशोरीने पदर खोचला, एक पाय पेडलवर ठेवून दुसऱ्याने जमिनीला रेटा दिला आणि अंगणाला एक फेरी मारून नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला सायकल येते?" काशिरामने विचारलं.

"येते."

"कवापास्न?"

"लग्नाच्या आदीपास्न. कोनवरून पनवेलच्या बाजारात भाजीच्या पाट्या कोन आनत होता? तुमी कदी विचारलंत नाय."

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने आपल्यापासून एक अख्खी सायकल लपवली, याचा विचार करायला काशिरामला वेळ हवा होता. पण तो मिळाला नाही, कारण मारेकेने सायकलींची माहिती द्यायला सुरुवात केली होती. 'ब्रेक' हा शब्द तिने बऱ्याच वेळा उच्चारला. काशिरामचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच्या हातात तिने नुकतंच एक पिवळं जाकीट दिलं होतं आणि त्याची चेन लागत नव्हती.

आता हे जाकीट गटातल्या सगळ्यात सावकाश माणसाला देतात. गाइडने मागे वळून पाहिलं आणि पिवळं दिसलं की गट तिथे संपला, एवढाच त्याचा उपयोग. पण न्हावा शेव्याला पिवळं जाकीट सुपरवायझर घालतो. काशिरामने डोळे मोठे करून लेकीला विचारलं, "हे मलाच का गं?" विनिताने त्याच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या दिवसांत त्या तोंडावर असा आनंद तिने पाहिला नव्हता. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही सुपरवायझर." काशिरामची चेन तत्क्षणी लागली. मग प्रत्येकाला एकेक गुलाबी चिठ्ठी मिळाली, तिच्यावर ऑफिसचा पत्ता आणि फोन. काशिरामने ती वरच्या खिशात नीट ठेवली. ड्युटीवरच्या माणसाचा पास वरच्या खिशात असतो.

सगळे निघाले. सुपरवायझर शेवटी राहिला, ते त्याला योग्यच वाटलं. कामावर नजर ठेवायची तर मागूनच ठेवावी लागते. पुढे व्हायची संधी पुढे येईलच, असा त्याचा हिशेब होता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या सायकलींना हाताला ब्रेक नव्हता. पेडल उलटं मारलं की मागचं चाक थांबायचं. आणि आपल्याकडे सायकलला जरा वेग आला की माणूस काय करतो, तर पाय सैल सोडतो आणि टिकटिक आवाज काढत मजेत उलटं पेडल फिरवतो. काशिराम खुशीत आला की हटकून तेच करायचा.

पहिल्या पुलावरून उतरताना वारा छान लागला, खाली कालव्यात बदकं दिसली, काशिराम खुशीत आला आणि सायकल भर रस्त्यात खाडकन थांबली. मागून भाजीची पिशवी लावून येणारी एक बाई त्याला चुकवून गेली आणि ओरडली, "पास ऑप!" (त्यांच्या भाषेत याचा अर्थ 'सांभाळा'. पण काशिरामला त्यांची भाषा कुठे येत होती. त्यातला एकच शब्द त्याच्या ओळखीचा होता.) त्याने लगबगीने चिठ्ठी काढली. तोवर बाई पुढे गेली होती. तिच्या पाठीला त्याने पास दाखवला आणि नियम पाळल्याच्या समाधानात पुन्हा पेडल मारलं.

पुढच्या वळणावर तो परत खुशीत आला. सायकल थांबली, सुटाबुटातला एक माणूस ओरडला, काशिरामने पास काढला. त्याच्यानंतर पोराला पुढे बसवून नेणारी एक आई, आणि तिच्यानंतर दोन पोलीसच. पोलिसांना त्याने पास अगदी उलगडून दाखवला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सायकली दामटल्या.

सिग्नलला किशोरी त्याच्यासाठी थांबली होती. काशिराम तिला म्हणाला, "सिस्टीम बघितलीस हिकडची? नाका आला की सायकल आपोआप थांबते. आत कायतरी बसवलंय. लगेच मानूस येतो, पास मागतो. कुटं दांडा नाय, चौकी नाय."

"माजी नाय थांबत," किशोरी म्हणाली.

"लेडीजला सूट असंल."

किशोरीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. पण सिग्नल सुटला आणि ती काय म्हणणार होती ते राहून गेलं.

ज्या माणसाने पुढचा घोटाळा केला तो खरं म्हणजे अतिशय सज्जन होता. टोपीवाला म्हातारा, टोपलीत कुत्रं. काशिराम खुशीत येऊन थांबला, म्हातारा त्याच्यावर येऊन आदळता आदळता राहिला आणि त्याने काशिरामला दोन्ही शब्द ऐकवले. काशिरामने पास पुढे केला. आणि काय आश्चर्य, म्हातारा खाली उतरला. त्याने चष्मा लावला, चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली, काशिरामकडे, मग जाकिटाकडे पाहिलं आणि मान हलवली. काशिरामला फार बरं वाटलं. या गावात पास नीट तपासणारा पहिला माणूस भेटला होता. म्हाताऱ्याचा समज झाला की हा चुकलाय आणि याला या पत्त्यावर जायचंय. त्याने हाताने, गट गेला होता त्याच्या उलट्याच बाजूचा रस्ता दाखवला, सरळ, मग डावीकडे, मग पुढे.

आता गेटवरच्या माणसाने पास बघून बोट दाखवलं की गाडी तिकडेच न्यायची असते. वाद घालणाऱ्या ड्रायव्हरचं काय होतं ते काशिरामइतकं कोणाला ठाऊक असणार? तो वळला. नवरा वळलेला पाहून किशोरी हाका मारत त्याच्यामागे वळली. आणि मघापासून बदकांचे फोटो काढत मागे राहिलेलं ब्राझीलचं जोडपं पिवळं जाकीट दिसल्याबरोबर हायसं वाटून त्यांच्यामागे लागलं.

काशिरामने मागे पाहिलं. किशोरी, तिच्यामागे ब्राझील, सगळे त्याच्यामागे रांगेने. अगदी पत्रकातल्यासारखे. त्याचा ऊर भरून आला. लेक-जावई तेवढे अजून मागे असणार, ते येतीलच. (ते आणि मारेके तेव्हा उलट्या दिशेला एका चर्चपुढे उभे राहून पिवळं दिसायची वाट बघत होते.) ब्राझीलवाल्यांना कोरडं कोरडं वाटू नये म्हणून काशिरामने इंग्रजीत माहितीही दिली. धिस इज कॅनॉल, तो म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, धिस ऑल्सो.

किशोरी मागून ओरडत होती की आपण चुकलोय. पण तीस वर्षांत ती हे इतक्या वेळा ओरडली होती, की काशिरामचे कान त्याला सरावले होते.

रस्ता स्टेशनच्या मागे निघाला आणि समोर भलंमोठं पाणी आलं. काठाला सपाट बोट लागलेली आणि सायकलवाल्यांचा लोंढा सरळ तिच्यात शिरत होता. तिकीट नाही, पास नाही, कोणी विचारायला नाही. एवढी मोठी जेटी आणि गेटवर माणूस नाही, हे काशिरामला बघवेना. त्याने सायकल स्टँडला लावली, बोटीच्या तोंडाशी उभा राहिला आणि हात वर केला.

"पास," तो म्हणाला.

पिवळं जाकीट आणि तो आवाज. लोंढा थांबला. एका बाईने लायब्ररीचं कार्ड दाखवलं. एकाने बँकेचं दाखवलं. एक तरुण बिचारा खिसे चाचपत राहिला, अगदी ड्रायव्हरसारखा. काशिरामने त्याला मोठ्या मनाने सोडून दिलं. आल्यापासून पहिल्यांदा हे गाव त्याला कळत होतं, आणि गावाला तो. मग किशोरीने त्याचा दंड धरून त्याला सायकलसकट बोटीत ओढलं, कारण बोटीचा भोंगा वाजला होता आणि त्याला मागे सोडून जाणंही तिला बरं वाटेना. ब्राझीलवाले आपसूक आले.

पलीकडच्या काठाला उतरल्यावर काशिराम थबकला. समोर कंटेनर होते. रांगेने, एकावर एक, निळे, लाल, राखाडी. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. "आलं आपलं यार्ड," तो किशोरीला म्हणाला.

"अवो, पडदे लावलेत त्यास्नी," किशोरी म्हणाली. "कुंड्या हायत. मानसं राहतात आत."

खरंच राहत होती. जागेची टंचाई म्हणून तिथे विद्यार्थ्यांसाठी कंटेनरच्या खोल्या केल्या होत्या. पण माणूस कंटेनरमध्ये राहतो हे काशिराम कसं मानणार? माणूस असलेला कंटेनर पकडला तर यार्डात पोलीस येतात. काहीतरी गैरप्रकार आहे, एवढं त्याने ओळखलं आणि सील बघायला सायकल सरळ एका दारावर घातली. जवळ पोचला, कामाची जागा दिसल्याने खुशीत आला, आणि पाय सैल सोडले.

सायकल थांबली. काशिराम थांबला नाही. तो दारावर धाडकन आपटला आणि घोटा मुरगळून खाली बसला. आत शॉवर बंद झाल्याचा आवाज आला. दार उघडलं. दारात टॉवेल गुंडाळलेला, केसांना फेस लागलेला एक मुलगा. काशिरामला उठता येईना. शेवटी जे त्याला करता येण्यासारखं होतं ते त्याने केलं. पास दाखवला.

मुलाने चिठ्ठीवरचा फोन लावला. तोवर किशोरीने काशिरामच्या घोट्याला आपला रुमाल बांधला आणि त्याला पाणी पाजलं. ती रागावली नव्हती, हे त्याला जास्त लागलं.

पुढच्या बोटीने मारेके, विनिता आणि प्रितेश आले. विनिता रडवेली झाली होती. "पप्पा, मी किती घाबरले होते," एवढंच ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडताना धरायची तसाच तिने त्याचा हात धरला. काशिरामने सोडवून घेतला नाही. सिस्टीमची हकिगत तिला सांगायला गेला तेव्हा तिने आधी ओठ दाबून धरले आणि मग 'पास ऑप' म्हणजे काय ते हळूच सांगितलं. पोलिसांना पास उलगडून दाखवला होता, ते काशिरामला आठवलं. खाली बघत त्याने विचारलं, "आनि जाकीट?"

विनिता पाण्याकडे बघायला लागली. प्रितेश घसा खाकरू लागला.

"सुपरवायझरचं," किशोरी म्हणाली. "चला आता."

पण चालता येत नव्हतं. तेव्हा त्या मुलाने (तोवर त्याने कपडे घातले होते) आपली सायकल देऊ केली. तिच्या पुढच्या बाजूला लाकडाची मोठी पेटी होती, तिकडे पोरं आणि किराणा न्यायला असते तशी. सगळ्यांनी मिळून काशिरामला पेटीत बसवलं. गुडघे कानांशी आले. प्रितेशने चालवून पाहिली, ती दोन हात जाऊन झाडाकडे वळली. मग किशोरीने पदर खोचला आणि म्हणाली, "सरा. दुधीभोपळ्यांनी भरलेली पाटी ह्यांच्यापेक्शा जड असते."

आणि त्या दुपारी अ‍ॅमस्टरडॅमच्या लोकांनी पाहिलं, की पिवळं जाकीट घातलेला एक गृहस्थ पेटीत बसून निघालाय, त्याच्यामागे साडीतली बाई पेडल मारतेय, तिच्यामागे मुलगी, जावई, गाइड आणि फोटो काढणारं एक जोडपं रांगेने येतंय. वाटेत कोणी आडवं आलं की बाई "पास ऑप" म्हणून असा आवाज देई, की माणसं पटकन बाजूला होत. पास कोणीही काढला नाही.

पनवेलला परतल्यावर भेटायला पुन्हा सगळं माहेर जमलं. चॉकलेटं वाटून झाल्यावर कुमारने पहिला प्रश्न तोच विचारला, "काय दाजी, हरवलात का नाय?"

काशिराम खुर्चीत सावरून बसला. इतक्या दिवसांत त्याने या उत्तराची पुष्कळ तयारी केली होती आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. "हरवतोय कुटला. आख्खं गाव सायकलवर बघितलं," तो म्हणाला. "मी सगळ्यांच्या पुढं आनि सगळं घर माज्यामागं. विचार तुज्या बहिनीला."

कुमारने बहिणीकडे पाहिलं. किशोरी चहाचे कप घेऊन येत होती.

"खरं हाय," ती म्हणाली. "हेच पुढं होते. मला रस्ता दिसत नव्हता ह्यांच्यापायी. डोकं खाली घ्या, डोकं खाली घ्या म्हनून माजा घसा बसला."